सरमेचें दूध आणि आमचें ताक

मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष लागला कीं आमच्या कुंभवलीच्या घरांत सामानाची बांधाबांध सुरू होते. आंबेजोगाईची योगेश्वरी ही आमची कुलस्वामिनी. सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत तिचा उत्सव चालतो, आणि निदान पौर्णिमेस तरी घरांतील लहानथोर सर्वांनीं देवीसमोर उभें राहावें असा आमच्या वडिलांपासूनचा परिपाठ आहे. कोंकणांतल्या चित्पावनांची देवी मराठवाड्यांत कशी जाऊन बसली, हा प्रश्न शाळेंत असतांना मुलें आम्हांस हटकून विचारीत. पण तें उत्तर आज राहूं द्यावें. आज सांगावयाचें आहे तें एका कुत्रीच्या पोटाविषयीं. विषय ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील हें आम्ही जाणून आहों. आमच्याही पडत असत. परंतु गेल्या वर्षीं ह्याच पोटापायीं आमच्या घरची पौर्णिमा चुकली, आणि ती सर्वांत जास्त कोणाची चुकली हें पुढें येईल, तेव्हां ह्या विषयाला येथें जागा कां दिली तें ध्यानांत येईल.

ही कुत्री आमच्या पुतण्याची. तो येथील औद्योगिक वसाहतींत, एका औषधांच्या कारखान्याच्या परीक्षण-विभागांत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वीं देवीहून परततांना लातूरकडील एका शेतकऱ्याच्या खळ्यावर त्यानें हें पिलूं पाहिलें, आणि आम्हां वडील माणसांना एका शब्दानें न विचारतां शालींत गुंडाळून मोटारींत आणून ठेवलें. जात कारवानी. ज्यांनीं कारवानी कुत्रें पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: लांब चिंचोळें तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलें पोट, आणि हरिणाला शोभतील असे पाय. हीं कुत्रीं नाकानें नव्हे, डोळ्यांनीं शिकार करतात. दूर माळावर ससा हलला कीं हीं सुटलींच. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर, इकडे आलीं म्हणून कारवानी, असें सांगतात. सीमेपलीकडे कर्नाटकांत त्यांनाच मुधोळ म्हणतात; मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांनीं हा वंश जोपासला आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना नजर केली. २००५ सालीं टपाल खात्यानें देशी कुत्र्यांच्या चार जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत एक मुधोळचें आहे. त्याच्याही कितीतरी आधीं, बाराव्या शतकांत, कल्याणीच्या सोमेश्वर राजानें 'मानसोल्लास' रचला, त्यांत राजाच्या विनोदांमध्यें कुत्र्यांच्या शिकारीला स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. आमच्या पुतण्यानें आमच्या नाराजीवर हाच उतारा शोधून काढला. "काका, तुमच्या संस्कृत ग्रंथांत आहे तें जनावर आहे हें," म्हणाला. आतां काय बोलावें!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली, आणि ती झाली हें उत्तमच झालें. परंतु कायद्यानें माणसाचा हात आवरतो, कुत्र्याचा डोळा आवरत नाहीं. रस्त्याच्या कडेला शेळी हलली, पदर उडाला, कागद भिरभिरला, कीं हिच्या सर्वांगांतून वीज जाते. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

नांव आम्हीं ठेवलें: सरमा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत इंद्राची दूती म्हणून रसा नदी ओलांडून पणींकडे गाईंच्या शोधार्थ गेलेली ती देवशुनी. आमच्या ज्ञात वाङ्मयांत दूरच्या प्रवासाला निघालेलें पहिलें कुत्रें बहुधा हेंच असावें. घरांत बायकामुलांनीं त्या नांवाचें 'सरू' केलें, तें असो.

पिलूं असतांना ती लातूराहून कुंभवलीपर्यंत पुतण्याच्या मांडीवर झोपून आली होती. त्यामुळें गेल्या वर्षीं तिला देवीला नेतांना आम्हां कोणालाच शंका आली नाहीं. घराला कुलूप लागणार, तेव्हां तिला मागें ठेवणार कोणाजवळ? दोन मोटारी निघाल्या. पुतण्याच्या मोटारींत आम्ही, आमच्या थोरल्या वहिनी, दोन नातवंडें आणि सरमा. चिल्हार फाट्याला अहमदाबादच्या महामार्गाला लागलों तोंवर ती खिडकीला नाक लावून आनंदांत होती. मनोर सोडलें, वसई-विरार मागें पडलें, ठाण्याची गर्दी लागली. तीन तास तिनें एकदांही बूड टेकलें नाहीं. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला ती ताठ होई, अंग थरथरे, तोंडांतून लाळ गळे. आम्ही म्हटलें, जनावर हौशी आहे.

घाट चढून गेल्यावर एका उपाहारगृहापाशीं चहाला थांबलों. नातवंडांनीं तिला चिक्की चारली. आम्हांला तिची दया आली, सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं म्हणून. आम्हीं आपल्या हातानें बशीभर दूध आणवून तिच्यापुढें ठेवलें, आणि तिनें तें एका दमांत संपवल्यावर आणखी एक बशी. सूनबाई म्हणाल्याही, "मामंजी, तिला दुधाची संवय नाहीं." आम्ही म्हणालों, "ज्या गांवांत ही जन्मली तेथें कुत्रीं भाकरी-दुधावरच वाढतात." हें वाक्य खोटें नव्हतें. पण आमच्या घरीं ती वर्षभर दुधाशिवाय वाढली होती, ही गोष्ट त्या वाक्यांत आली नव्हती.

पुण्यास आमच्या धाकट्या भगिनीच्या घरीं मुक्काम होता. पहाटे चार वाजतां सरमा दार खरवडूं लागली. उजाडेपर्यंत चार वेळां तिला खालीं न्यावें लागलें. सहाव्या वेळेला थोडासाच मल, त्यांत आंव आणि रक्ताचा एक तांबडा धागा. आम्हीं घरांतल्या सर्वांना धीर दिला. पोट बिघडलें तर ताक, ह्यापरतें शास्त्र नाहीं, असें सांगून भगिनीच्या स्वयंपाकघरांतलें ताक वाटीभर मागविलें. तें होतें आदल्या रात्रीच्या जेवणांतलें: मीठ, हिंग, आलें घातलेलें. सरमेनें तें प्यालें, आणि पांच मिनिटांत भगिनीच्या जाजमावर ओकून टाकलें. पुतण्या एक शब्दही बोलला नाहीं. त्यानें तिला उचललें व पशुवैद्याकडे घेऊन गेला, आम्ही मागोमाग.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण फार समजूतदार. त्यांनीं प्रथम ताप पाहिला, हिरड्या दाबून पाहिल्या, कातडी चिमटींत धरून किती वेळानें जागेवर येते तें पाहिलें. लसी वेळेवर झाल्या आहेत का हें विचारलें आणि तरीही पार्व्हो नांवाच्या रोगाची चाचणी केली; कारण तरुण कुत्र्याला वांती आणि रक्ताचे जुलाब एकत्र आले कीं तो रोग आधीं वगळावा लागतो. मल सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून जंत पाहिले. हें सर्व निर्मळ निघालें तेव्हां त्या म्हणाल्या, "गुरुजी, हिचें मोठें आंतडें रागावलें आहे. प्रवासानें, आणि तुम्हीं दिलेल्या पाहुणचारानें."

मग त्यांनीं जें समजावून सांगितलें तें आम्हांस पाठ झालें आहे. भीति किंवा उत्तेजना अनावर झाली कीं मेंदूकडून निघणारीं द्रव्यें आंतड्यालाही घाई करावयास सांगतात. मोठ्या आंतड्याचें काम मलांतलें पाणी शोषून घेण्याचें. घाईंत तें काम अपुरें राहतें, आंतड्याच्या अस्तराला दाह होतो, आणि तें आंव सोडूं लागतें. म्हणून वारंवार जावें लागतें, थोडें थोडें होतें, कुंथावें लागतें, क्वचित् ताजें रक्त दिसतें. भरपूर आणि पाण्यासारखें होऊं लागलें तर दोष लहान आंतड्याचा, आणि तो बहुधा अधिक गंभीर. त्यांत पुन्हां दूध: मोठ्या झालेल्या बहुतेक कुत्र्यांच्या आंतड्यांत दुधांतली साखर पचविणारा रस थोडा असतो, न पचलेली ती साखर पाणी ओढून घेते आणि तेथले जंतु तिच्यावर आंबतात. चिक्कीचा गूळ आणि शेंगदाण्याचें तेल त्यावर आणखी. शिकारी जातीच्या कुत्र्याच्या अंगावर चरबी नांवाला असते, स्वभाव कातडीइतकाच पातळ. घरांत बसून राहणाऱ्या लठ्ठ पामेरियनाला जें सोसतें तें हिला सोसेलच असें नाहीं.

हें ऐकत असतांना आम्हांला बृहद्देवता आठवली व लाज वाटली. ऋग्वेदांतली सरमा पणींना दाद देत नाहीं. पण शौनकाच्या बृहद्देवतेंत त्याच कथेला निराळें वळण आहे. तेथें सरमा परक्यांच्या घरचें दूध पिते, इंद्रापाशीं येऊन खोटें बोलते, इंद्र तिला लाथ मारतो, आणि ती तें दूध ओकते. पस्तीस वर्षें संस्कृत शिकवून, कुत्रीचें नांव सरमा ठेवून, प्रवासांत तिला परक्या घरचें दूध पाजणारे आम्हीच! फरक इतकाच कीं आमच्या सरमेनें खोटें सांगितलें नाहीं, आणि लाथ तिच्या नव्हे, आमच्या वाट्याची होती.

कातडीखालीं सलाईन दिलें, आणि चोवीस तास तरी प्रवास नको असें बजावलें. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी द्यावी असें सांगितलें, तेव्हां भगिनीच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच म्हणाल्या कीं बिनसायीच्या दुधाचें पनीर किंवा उकडलेलें अंडेंही चालेल. (अंडें पुतण्यानें गच्चीवर जुन्या स्टोव्हवर उकडलें. भगिनीनें तो स्टोव्ह अद्याप घरांत घेतलेला नाहीं.) आणि शेवटीं पांढऱ्या चूर्णाच्या पुड्या हातांत दिल्या: प्रोबायोटिक. आम्ही तेथेंच अडलों. म्हटलें, "बाई, ह्यासाठीं आमच्याकडे ताक आहे." त्या हंसून म्हणाल्या, "ताक चांगलेंच आहे, गुरुजी. पण ताक आणि हें एक नव्हे."

त्या दिवशीं चतुर्दशी होती. दुसरी मोटार पुढें गेली. वहिनींना तींत बसवावें म्हणून सर्वांनीं आग्रह केला; एकोणीस वर्षांच्या असतांना ह्या घरांत आल्या तेव्हांपासून त्यांनीं पौर्णिमा चुकविली नव्हती, आणि वय ब्याऐंशी, दृष्टि अंधुक. त्या जागच्या हलल्या नाहींत. म्हणाल्या, "मुकें जनावर दुखण्यांत टाकून मी पुढें जायची नाहीं. देवी कांहीं उठून जात नाहीं." आम्ही द्वितीयेला पोहोंचलों. उत्सव आटोपला होता, मांडवाचे वासे काढीत होते. वहिनींनीं ओटी भरली, हात लावून गाभाऱ्याचा उंबरठा चांचपला, आणि बाहेर येऊन "गर्दी नाहीं तें एक बरें झालें" असें म्हणाल्या. आषाढांत त्या गेल्या. त्या दुधाच्या दोन बशांबद्दल घरांत आम्हांस कोणीं कधीं बोललें नाहीं. त्या तर नाहींच नाहीं.

म्हणून ह्या वर्षीं आम्हीं श्रावणापासूनच ह्या चूर्णाचा अभ्यास मांडला. पुतण्या बरोबर होता. जिवंत जंतूंची मोजदाद हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग. आमचा पूर्वपक्ष अर्थात् ताकाचा. चरकसंहितेंत ग्रहणीच्या चिकित्सेंत तक्राची थोरवी आहे, ती आम्हीं काढून दाखविली. शिवाय ह्या पाश्चात्य कल्पनेचें मूळही दह्यांतच आहे: पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्यानें बल्गेरियांतील दहीं खाणाऱ्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्यावरून आंबलेल्या दुधांतील जंतूंचा पुरस्कार विसाव्या शतकाच्या आरंभीं केला. (१९०८ सालचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें तें दह्यासाठीं नव्हे, रक्तांतील पेशी जंतूंना कशा गिळतात ह्या शोधासाठीं, वर्तमानपत्रांतून ह्या दोहोंची गल्लत पुष्कळ वेळां होते.)

पुतण्यानें उत्तरपक्ष शांतपणें केला. २००१ सालीं जागतिक आरोग्य व अन्न संघटनांच्या तज्ज्ञांनीं प्रोबायोटिकाची व्याख्या ठरविली, तींत तीन गोष्टी आहेत: जंतु जिवंत असले पाहिजेत, पुरेशा संख्येनें दिले पाहिजेत, आणि त्यांपासून घेणाऱ्याला फायदा झाला पाहिजे. आमच्या घरच्या विरजणांत कोणते जंतु आहेत? ठाऊक नाहीं. किती आहेत? आज एक, उद्यां दुसरें. जठरांतल्या आम्लांतून जिवंत पार होतात का? कुत्र्यावर कोणीं पाहिलें आहे? ह्या चौथ्या प्रश्नाशीं आम्ही थांबलों. चरकाचार्यांचें विधान मनुष्याच्या ग्रहणीविषयीं. तें आम्हीं कुत्रीच्या प्रवासाला लावलें. लक्षण जेथें लागूं नाहीं तेथें लावणें ह्या दोषाला न्यायशास्त्रांत अतिव्याप्ति म्हणतात, आणि हा शब्द आम्हीं कितीतरी मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें लिहिला आहे. तरीही ताक वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. बिनमिठाचें, बिनफोडणीचें, ताजें पातळ ताक चमचाभर बहुतेक कुत्र्यांस सोसतें, कारण दुधांतली कांहीं साखर विरजण आधींच खाऊन टाकतें. मात्र कांदा-लसणाचा स्पर्श झालेलें कांहींही कुत्र्याला देऊं नये. तीं त्याच्या रक्ताला अपायकारक आहेत. द्राक्षें, मनुकाही तशाच, म्हणून प्रसादाचा शिरा मुलांच्या हातांतून जपावा.

आतां चूर्णाचा पुरावा. तोही डोळे मिटून घेण्यासारखा नाहीं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत अचानक जुलाब लागलेल्या कुत्र्यांना बायफिडो जातीचा, कुत्र्याच्याच आंतड्यांतून मूळ मिळविलेला जंतु दिला; त्यांचा जुलाब सरासरी ३.९ दिवसांत थांबला, नुसतें फसवें चूर्ण दिलेल्यांचा ६.६ दिवसांत. २०१३ सालीं बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांवर पाहणी झाली. परीक्षेच्या काळांतच कुत्र्यांच्या आवारांत हगवणीची सांथ आली, तेव्हां जंतु व त्यांचें खाद्य असें मिश्रण खाणाऱ्या कुत्र्यांना जुलाबाचे दिवस कमी आले. राबणाऱ्या, सडपातळ, धांवणाऱ्या जनावरांवरची म्हणून ही पाहणी आम्हांस सर्वांत जवळची वाटली. उलट २०११ सालीं अनाथ प्राण्यांच्या आश्रयगृहांत एंटेरोकॉकस जातीचा एक जंतु देऊन पाहिला. मांजरांना फायदा दिसला, कुत्र्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. म्हणजे 'प्रोबायोटिक' हें एक औषध नव्हे. तें गोत्र आहे, आणि गोत्र एक असलें तरी सख्ख्या भावांचे स्वभाव सारखे नसतात हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको. त्याच २०११ सालीं कॅनडांत बाजारांतलीं अशीं २५ चूर्णें तपासलीं, तेव्हां लेबल नीट आणि आंतला माल लेबलाबरहुकूम अशीं फक्त २ निघालीं. आमच्या पुतण्याला ह्याचें नवल वाटलें नाहीं. "जिवंत माल आहे, काका, उष्णता आणि दमट हवा लागली कीं मरतो," म्हणाला. पालघर किनाऱ्याच्या हवेंत, जेथें पावसाळ्यांत पुस्तकांना बुरशी येते, तेथें उघडी पुडी किती दिवस जिवंत राहणार?

हे जंतु पोटांत जाऊन करतात काय, हेंही थोडक्यांत सांगतों. ते आम्लें तयार करतात, त्यांनीं उपद्रवी जंतूंचें फावत नाहीं; अस्तरावरची जागा आणि खाद्य अडवतात; शरीराच्या रक्षक पेशींना शांत राहावयास शिकवतात. पण ते तेथें घर करून राहत नाहींत. चूर्ण बंद केलें कीं कांहीं दिवसांत निघून जातात. म्हणून पोट बिघडल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां निघण्याच्या आठवडाभर आधीं सुरू करणें, प्रवासभर देणें आणि पोहोंचल्यावर चार दिवस चालू ठेवणें हें शहाणपणाचें. गरम अन्नांत मिसळूं नये. जंतुनाशक औषध चालू असेल तर दोहोंमध्यें कांहीं तासांचें अंतर असावें. माणसांचीं चूर्णें देऊं नयेत. त्यांत कधीं कधीं झायलिटॉल नांवाची कृत्रिम साखर असते, ती कुत्र्याला विष आहे. आणि जुलाब थांबविणारी माणसांची गोळी तर पशुवैद्यास विचारल्यावांचून मुळींच नको.

ह्या वर्षीं षष्ठीपासून सरमेच्या सकाळच्या घासांत एक पुडी पडूं लागली. त्याबरोबर आम्हीं दुसऱ्याही गोष्टी केल्या, आणि खरें सांगावयाचें तर त्यांना जास्त मेहनत पडली. निघण्यापूर्वीं महिनाभर दर रविवारीं पुतण्या तिला मोटारींत बसवून आधीं बोईसर स्टेशनपर्यंत, मग चिंचणीच्या समुद्रापर्यंत, मग मनोरपर्यंत नेई. तिच्या बाजूच्या खिडकीला सूनबाईंनीं जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. शिकारीच्या डोळ्याला दिसलेंच नाहीं तर तो पेटणार कशाला? सर्व उपायांत हा उपाय फुकटचा, आणि आमच्या मतें अर्धें काम त्यानेंच केलें. घरचेंच अन्न आणि घरचेंच पाणी डब्यांत व कॅनांत बरोबर घेतलें. निघण्यापूर्वीं चार तास हलकें खाणें, वाटेंत फक्त घोट घोट पाणी, दर दोन तासांनीं उतरून गळपट्ट्यासह पांच मिनिटें चालणें. गळपट्टा महामार्गावर एक क्षणही काढावयाचा नाहीं. ससा दिसला तर ह्या जातीला हांक ऐकूं येत नाहीं. भरल्या पोटीं धांवणें तर अशा खोल छातीच्या कुत्र्याला फार वाईट. जठर फुगून पिळा पडतो आणि कांहीं तासांत जीव जातो. मुक्कामीं पोहोंचल्यावर अर्धा तास विसावा, मग थोडें खाणें.

पुण्यास रात्रीं सरमेचें पोट किंचित् सैल झालें. घरांत सर्वांचे चेहरे उतरले. वांती नव्हती, ताप नव्हता, पाणी पीत होती, शेपटी हलत होती; म्हणून थांबावयाचें ठरविलें. ह्यांतली एक जरी गोष्ट उलट असती, किंवा मल काळा असता, किंवा पिलूं सहा महिन्यांच्या आंतलें असतें, तर त्याच घटकेला त्याच डॉक्टरीणबाईंच्या दारांत उभे राहिलों असतों. सकाळीं भात आणि पनीर दिलें, पुडी दिली. नगर, जामखेड, मांजरसुंबा, केज अशा वाटेनें ती पडद्याआड झोपून आली. चतुर्दशीला संध्याकाळीं आंबेजोगाईस उतरल्यावर पुतण्यानें दुरून हात वर करून "घट्ट!" अशी बातमी दिली, आणि भर रस्त्यांत त्या बातमीनें आम्हां सर्वांस जो आनंद झाला त्याचें वर्णन ह्या मासिकाच्या पानांवर शोभणार नाहीं.

श्रेय कोणाचें? सूनबाई म्हणतात पडद्याचें. पुतण्या म्हणतो संवयीचें. नातू म्हणतो पुडीचें, कारण पुडी रोज तो घालीत होता. एका कुत्रीवर आणि एका प्रवासावरून निकाल देणें हें शास्त्र नव्हे, हें आम्हीं मागच्या परिच्छेदांतील परीक्षांवरून शिकलों आहों. पुडीचा वाटा असेल तर तो लहान असावा, आणि लहान वाट्याची किंमत कमी नसते, इतकेंच आमचें मत. पुढच्या वर्षींही ती देणार आहों, पडदाही लावणार आहों.

पौर्णिमेला सकाळीं सर्वांनीं मिळून ओटी भरली. वहिनींची ओटी सूनबाईंनीं वेगळी बांधून आणली होती. ती त्यांनीं वेगळीच वाहिली. सरमा बाहेर कडुनिंबाखालीं नातवाजवळ बसली होती.

परततांना लोणावळ्याच्या अलीकडे त्याच उपाहारगृहापाशीं थांबलों. मालकानें तिला ओळखलें आणि आपण होऊन दुधाची बशी आणली. आम्हीं ती त्याच्या हातून घेतली, आभार मानले, आणि सरमेकडे पाठ करून स्वतः पिऊन टाकली. उरलेल्या अकरा पुड्या घरीं फ्रीजमध्यें ताकाच्या भांड्याशेजारीं आहेत. डब्यावर भाद्रपदापर्यंतची मुदत आहे, म्हणजे पुढच्या मार्गशीर्षाला त्या चालणार नाहींत, नव्या घ्याव्या लागतील.